मंद हिरव्या पेशी

काकूंच्या नजरेबद्दल प्रयोगशाळेत कुणी शंका काढत नसे. काढलीच असती, तर ती काकूंपर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या कुणीतरी खोडून काढली असती. तेवीस वर्षं पेशींच्या खोलीत काढलेली बाई! डिश नुसती उजेडाकडे धरून, आतल्या गुलाबी मिडियमच्या, म्हणजे पेशींच्या खाण्याच्या, रंगावरून त्या सांगत, "ह्यांना आज खायला घालायला हवं," किंवा "ह्यांची तब्येत बरी नाही, ह्यांच्यावर आज काही करू नका." कुणी हट्टाने केलंच, तर दोन दिवसांनी तो माणूस तोंड पाडून परत येई. "मी म्हटलं नव्हतं?" असं काकू कधी म्हणत नसत. नुसतं बघत. त्या बघण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

काकूंना आपल्या नजरेचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. का लपवावा? कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, सासऱ्यांच्या आजारपणात पुन्हा धरता आलं नाही, आणि इथे त्या लागल्या त्या बाटल्या धुण्याच्या कामावर. बाटल्या धुता धुता मिडियम बनवायला शिकल्या, मग पेशी वाढवायला, मग गोठवायला, मग जागवायला. आज ज्यांच्या नावापुढे मोठमोठ्या पदव्या आहेत अशा निदान तीस जणांनी पिपेट कशी धरायची ते काकूंकडून मनगटावर चापट खाऊन शिकलं होतं. कमावलेली गोष्ट मिरवायला लाज कसली, हा त्यांचा रोकडा सवाल.

खोली त्यांचीच. निर्जंतुक कामाचे दोन हूड, पेशी उबेत ठेवणारे तीन इन्क्युबेटर, पायाने उघडणारी कचऱ्याची पेटी, ब्लीचची बादली आणि एक उंच स्टूल, ज्यावर काकूंशिवाय कुणी बसत नसे. नियम पुष्कळ होते, पण त्यातला एक खास काकूंचा: न बघता कुणाला टाकायचं नाही. नको असलेली डिश ब्लीचमध्ये जायच्या आधी कोपऱ्यातल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली एकदा जायची. पोरं हसायची. "काकू, जाणाऱ्याचं तोंड बघता का?" काकू म्हणायच्या, "आठ दिवस खायला घातलंय मी. एकदा बघायला काय जातं? डोळे काय झिजतात?"

घरी तर त्यांचा डंका याहून मोठा होता आणि तो वाजवायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याला कळलेलं असे की ह्यांची सून पेशी पाळते. "लाखोंनी! पण एकीलाही उपाशी ठेवत नाही. आणि तिची नजर चुकत नाही हो, मोठमोठे शास्त्रज्ञ तिला विचारून करतात." माणूस तिसऱ्या मजल्यावर घाईघाईने उतरायचा, मग त्याला पाचव्यावर जायचं असलं तरी.

गेल्या वर्षभरात काकूंच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा येणारी होती भिंगरी. ही पीएचडी करणारी मुलगी. बसली तर गुडघा हलतोय, उभी राहिली तर टाच, म्हणून हे नाव, काकूंनीच ठेवलेलं. प्रयोगशाळेचे मोठे सर तिला पूर्ण नावाने हाक मारायचे, पण त्यांनाही एकदोनदा तोंडातून "भिंगरी" निसटून गेलं होतं.

भिंगरीचं काम काय, ते काकूंनी घरी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं, आणि समजावण्यात त्या सरांपेक्षा सरस होत्या. "प्रत्येक पेशीच्या पोटात एक गोळा असतो, केंद्रक. त्यात डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो. सरळ केला तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब. आता त्या एवढ्या धाग्यावरची एकच जागा आपल्याला बघायचीय. आणि पेशी मारून, रंगवून नाही. जिवंत असताना, ती जागा हलताना, फिरताना बघायची."

"मग तिथे खूण करायची," सासूबाई म्हणाल्या होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, खडूची खूण त्यांना कोण शिकवणार?

"तेच तर. पण खूण जिवंत हवी."

खूण अशी होती. डीएनए नेमक्या जागी कापणारं एक प्रथिन असतं. त्याची धार घालवली की ते जागा शोधतं, तिथे जाऊन बसतं, पण कापत नाही. त्याच्या शेपटाला भिंगरीने हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं होतं, मुळात जेलीफिशमध्ये सापडलेलं. सोबत एक छोटा पत्ता दिला की ते बरोबर त्या जागी जायचं. आणि जागाही हुशारीने निवडलेली: तिथे तोच तो मजकूर शेकडो वेळा लागोपाठ लिहिलेला, म्हणजे शेकडो खुणा शेजारी शेजारी बसणार आणि निळा प्रकाश टाकला की तिथे एक हिरवा ठिपका दिसणार. धाग्याच्या प्रती दोन, एक आईकडची, एक वडलांकडची. म्हणून प्रत्येक केंद्रकात ठिपके दोन.

दिसायला हवे होते. अकरा महिने झाले, दिसत नव्हते.

दिसायचा तो एक हिरवा, लखलखीत, सबंध गोळा. केंद्रकच्या केंद्रक पेटलेलं. ठिपका नाही की ठिपक्याचा बाप नाही. सर म्हणाले, पत्ता चुकतोय, प्रथिन जागेवर बसतच नाहीये, नुसतं तरंगतंय. भिंगरीने पत्ता बदलला. पुन्हा तेच. पुन्हा बदलला. चौथा पत्ता झाला. दर वेळी काम तेच: पेशींना नवा जनुक द्यायचा, प्रत्येक पेशी आपल्या नशिबाने तो कमी-जास्त घेणार, मग एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, म्हणजे कॉलन्या, निळ्या दिव्याखाली बघायच्या आणि त्यातल्या निवडून भिंगरीला द्यायच्या. ही निवड काकूंची. दर वेळी चोवीस चांगल्या, टपोऱ्या, उजळ कॉलन्या त्या डिशच्या तळाला पेन्सिलीने गोल करून वेगळ्या काढत. "असल्या हिरव्या दुसऱ्या कुणाला जमायच्या नाहीत," असं म्हणून भिंगरीच्या हातात देत. त्यातल्या एका डिशचा फोटो सरांच्या दारावर लावलेला होता. बाकीच्या कॉलन्या, अंधुक, रोडावल्यासारख्या, एकदा बघून ब्लीचमध्ये.

शेवटी सरांनी सांगितलं की येत्या सोमवारच्या बैठकीत ठरवून टाकू. चौथ्या पत्त्यानेही ठिपका दिसला नाही तर हा विषय बंद, भिंगरीने दुसरा विषय घ्यायचा. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. भिंगरीचा गुडघा हलायचा थांबला. काकूंना ते तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

बुधवारी सकाळी काकू चौथ्या पत्त्याच्या नाकारलेल्या डिश टाकायला बसल्या. छोटा मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेलेला. आता एखादीने म्हटलं असतं, आज राहू दे. काकू कसल्या राहू देतात! डिश उचलून त्या शेजारच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या, जिथे निळ्या दिव्याचा मोठा मायक्रोस्कोप होता. त्याला भिंगरी आदल्या दिवशी सर्वांत जास्त मोठं करून दाखवणारं भिंग लावून गेली होती. एरवी हे भिंग त्या डिशला उपयोगाचं नव्हतं, कारण ते पेशींच्या अगदी जवळ यावं लागतं आणि नाकारलेल्या पेशी जाड प्लास्टिकच्या डिशमध्ये असत. पण प्लास्टिकच्या डिशचं पार्सल तीन आठवडे अडकून पडलेलं होतं, आणि काकूंनी नाइलाजाने हा घाणा काचेच्या पातळ तळाच्या डिशमध्ये वाढवला होता. योग जुळून यायचे असले की असे येतात.

आधी काही दिसलं नाही. काळोख. काकू निघणार होत्या, पण बघायचं म्हणजे बघायचं, म्हणून बसून राहिल्या. पाच-सात मिनिटांत डोळे अंधाराला सरावले. काळ्यावर करडा गोल उमटला, केंद्रक. आणि त्या गोलात, एक डावीकडे आणि एक खाली उजवीकडे, मोहरीहून बारीक दोन हिरवे ठिपके.

काकूंनी डिश हलवली. शेजारची पेशी. दोन ठिपके. तिच्या शेजारची. दोन.

पहिल्यांदा त्यांना जो आनंद झाला तो निर्भेळ होता. स्टुलावरून उठून त्यांनी चक्क टाळी वाजवली. अंधाऱ्या खोलीत एकटीनेच. उलगडाही त्याच क्षणी झाला: भरदिवसा काजवा कसा दिसणार? उजळ पेशीत प्रथिन इतकं झालेलं असतं की जागेवर बसून उरलेलं सगळं केंद्रकभर तरंगतं. ठिपके तिथेही असतील, पण त्या झगझगाटात बुडालेले. ज्या पेशींनी जनुक अगदी थोडा घेतला, त्यांच्यातच प्रथिन जागेपुरतं होतं. ज्या अंधुक होत्या त्यांच्यातच. ज्या...

टाळी वाजवलेले हात तसेच राहिले.

ज्या त्यांनी अकरा महिने, एकेक करून, स्वतःच्या हाताने ब्लीचमध्ये घातल्या होत्या.

चार पत्ते. दर वेळी चोवीस ठेवल्या, दीडदोनशे टाकल्या. बघून टाकल्या, आणि वर तोरा की आम्ही न बघता टाकत नाही. छोट्या मायक्रोस्कोपला निळा दिवा नव्हता, त्यातून दिसणार काय? तब्येत. तब्येत ठणठणीत, म्हणून टाकताना काकूंना वाईटही वाटायचं. आता वाटत होती ती शरम होती, कानशिलं तापवणारी.

ती डिश त्यांनी टाकली नाही. तिच्यावर लाल शाईने चिठ्ठी लावून इन्क्युबेटरच्या मागच्या कप्प्यात ठेवली. मग द्रव नायट्रोजनच्या टाकीतून पहिल्या तीनही पत्त्यांची एकेक नळी काढली. काहीही निवडण्याआधी थोडं मिश्रण गोठवून ठेवायचं ही त्यांची जुनी सवय. पेशी जागवल्या, काचेच्या तीन डिशमध्ये घातल्या. भिंगरीला काही सांगितलं नाही. खात्री झाल्याशिवाय बोलू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हे कारण निम्मं खरं होतं. निम्मं काय होतं ते काकूंना चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी पेशी डिशला चिकटून वाढल्या होत्या. तीनही डिशमधल्या अंधुक काकूंनी शोधल्या. तिन्हीकडे दोन ठिपके. पहिला पत्ताच बरोबर होता. पहिल्या महिन्यापासून.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर काकूंनी घरी सांगितलं. नवऱ्याला सांगायचं होतं. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या आहेत अशी समजूत होती. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, माणूस मोजून बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. अंधुकवाल्या देऊन टाक तिला. म्हणावं, ह्या वेळी जमल्या. मुलीचं काम झालं, तुझं नाव राहिलं. कुणाचं काय बिघडलं?"

काकूंच्या मनातही नेमकं हेच तीन दिवस घोळत होतं, म्हणून त्यांना नवऱ्याचा राग आला. "बिघडलं कसं नाही? ती म्हणेल, चौथ्या पत्त्याने जमलं. तसंच लिहील. तसंच छापेल. आणि पहिले तीन पत्ते तिचे चुकले होते असं ती जन्मभर धरून चालेल. तिचं काही चुकलेलं नाही. एकही पत्ता चुकलेला नाही."

"मग सांगून टाक."

"तेवीस वर्षांत एकदा तरी कुणी म्हणालंय का, की काकू चुकल्या?"

आतून काठीचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाई. ऐकायला कमी येतं म्हणून टीव्ही मोठ्याने लावणारी ही बाई, घरातलं कुजबुजलेलं मात्र तिला भिंतीपलीकडून कळायचं. खुर्चीवर टेकत त्या म्हणाल्या, "चूक आपल्या तोंडाने सांगितली तर ती तेवढीच राहते. दुसऱ्याने सांगितली की तिला शेपूट फुटतं. आणि हे बघ, लिफ्टमध्ये काय सांगायचं ते माझं मी बघून घेईन. तू त्याची काळजी करू नकोस."

काकूंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. एवढ्यावर विषय संपला.

सोमवारच्या बैठकीत काकू दरवाजाजवळच्या खुर्चीवर बसत. इन्क्युबेटरचा गजर झाला तर पळता यावं म्हणून, आणि बोलायचं नसायचं म्हणूनही. लांब टेबलाभोवती बारा-तेरा जण. भिंगरी पडद्याशेजारी उभी होती, अजिबात न हलता. तिने चारही पत्त्यांच्या पेशी दाखवल्या, चार लखलखीत हिरवे गोळे. मग खाली बघत म्हणाली, "माझा अंदाज असा आहे की पत्ता निवडण्यातच माझी चूक झाली. मला वाटतं आपण हे..."

"थांब," काकू म्हणाल्या.

बारा-तेरा माना वळल्या. काकू बैठकीत बोलतात हे त्यातल्या कित्येकांना माहीत नव्हतं. काकू उठल्या. आवाज कापेल अशी त्यांना भीती होती. कापला नाही.

"तिची चूक नाही. चारही पत्ते बरोबर आहेत, पहिल्यापासून. चूक माझी आहे." आणि त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला.

पडद्यावर काळोख आला, काळोखात करडा गोल, गोलात दोन ठिपके. कुणीतरी हलकेच "अरे!" म्हणालं. काकूंनी सांगितलं: उजळ का नको, अंधुक का हव्यात, जुन्या तीन पत्त्यांच्या नळ्या कधी जागवल्या, किती पेशी बघितल्या, किती जणींत दोन ठिपके, किती जणींत काहीच नाही. काही झाकलं नाही. "आणि अशा पेशी मी दर वेळी टाकत आले. अकरा महिने. मला बुधवारी कळलं. बुधवारीच सांगायला हवं होतं. पाच दिवस मी गप्प बसले, त्यातले तीन खात्री करण्यात गेले आणि दोन हिंमत करण्यात."

सर भला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काकू, असं म्हणू नका. निवडायला मीच सांगितलं होतं ना तुम्हाला? चूक असेल तर माझी."

इथे काकूंना सुटका होती. दार उघडून सर बाजूला उभे राहिले होते, फक्त बाहेर पडायचं होतं. काकू पडल्या नाहीत.

"सर, तुम्ही म्हणालात, चांगल्या निवडा. उजळ म्हणजे चांगल्या, हे मी ठरवलं. माझ्या कामातलं ठरवणं माझं आहे. नजर चांगली म्हणून तेवीस वर्षं कौतुक घेतलं मी, तर हेही मीच घेणार."

हे त्या बोलल्या तेव्हा त्यांची मान ताठ होती. शरम होती ती बोलण्याआधीपर्यंत होती. बोलून झाल्यावर काकूंना जे वाटलं त्याला अभिमानाशिवाय दुसरं नाव नाही, मग ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटो.

भिंगरी पडद्याकडे बघत होती. तिने दोन ठिपक्यांना बोट लावलं, मग काकूंकडे वळली. "अकरा महिने, काकू," ती म्हणाली. "मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून विचार करायचे की मला हे काम जमत नाही." आणि ती खोलीबाहेर निघून गेली. जाताना दार आपटलं नाही, हे काकूंना जास्त झोंबलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. विषय बंद झाला नाही, उलट सरांनी सगळी प्रयोगशाळा त्यामागे लावली. भिंगरी काकूंच्या खोलीत यायची, काम सांगायची, "धन्यवाद" म्हणायची. हा धन्यवाद काकूंना चापटीसारखा लागे. भिंगरी आधी कधी धन्यवाद म्हणाली नव्हती. ती काकूंच्या डब्यातलं न विचारता खायची. आता काकूंनी दिलेली प्रत्येक डिश ती स्वतः मायक्रोस्कोपखाली घालून तपासायची. काकूंनी वीस म्हटलं तर वीस मोजायची. काकू बघत. तपासू दे. तपासायलाच हवं. पण दुखायचं ते दुखायचंच.

मग एक गंमत झाली. अंधुक कॉलन्या निवडायचं काम भिंगरीने स्वतःकडे घेतलं, आणि आठवड्याभरात तिचं घोडं पेंड खायला लागलं. उजळ निवडणं कुणालाही जमतं, त्यात कसली आली नजर! अंधुक निवडायच्या म्हणजे काळोखात काळं शोधायचं. जिने जनुक थोडा घेतलाय ती अंधुक, जिने घेतलाच नाही ती जवळजवळ तशीच, आणि जी मरायला टेकलीय ती तर चुकवणारी, आपल्याच मळक्या उजेडाने हिरवट दिसणारी. भिंगरीने निवडलेल्या चोवीसांपैकी ठिपके निघाले तिघींत.

ती दारात येऊन उभी राहिली. गुडघा हलत होता. "काकू, मला नाही जमत."

"अर्धा तास अंधारात बसायचं, फोन न बघता," काकू म्हणाल्या. "तू पाच मिनिटं बसत नाहीस. सरक."

त्या दिवशी काकूंनी निवडलेल्या चोवीसांपैकी एकवीस निघाल्या. भिंगरीने एकवीसही स्वतः मोजल्या. दोनदा. दुसऱ्या दिवशी डब्यातली एक वाटी गायब होती.

महिन्याभराने खरा प्रयोग लागला. पेशी दुभंगायच्या आधी आपला धागा दुप्पट करते, एकाचे दोन. तेव्हा खूण केलेली जागाही दुप्पट होते, म्हणजे ठिपक्याच्या जागी ठिपक्यांची जोडी. ते मेलेल्या पेशीत दाखवलेलं असतं, फोटो काढून. भिंगरीला ते होताना बघायचं होतं, एकाच पेशीत, त्या मिनिटाला. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोप दर काही मिनिटांनी चित्र घेत होता. पडद्यासमोर काकू, कारण इतक्या मंद उजेडात ठिपका फुटला की नुसता लांबट झाला हे ओळखायला त्यांच्याइतके डोळे कुणाचे नव्हते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी भिंगरी, वही आणि छोटा लाल दिवा घेऊन. तिच्यापासून पडद्यापर्यंत अंतर चार पावलं.

सकाळचे दहा वाजून गेले. साडेदहा. दोन्ही ठिपके जागच्या जागी थरथरत होते, जिवंत गोष्टी थरथरतात तसे. काकू पापणी लवू देत नव्हत्या. डावीकडचा ठिपका लांबट झाला. नुसता लांबट, म्हणून काकू बोलल्या नाहीत. पुढचं चित्र. अजून लांबट. पुढचं. मधोमध केसाएवढी काळी फट, आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. पुढच्या चित्रात खालचाही फुटला.

पेशी आपला धागा आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट करत होती, आणि त्यातली ही एक जागा कुणी जिवंतपणी पाहिली असेल तर ती दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलेल्या ह्या बाईने. काकूंना अभिमान वाटला. कुणाबद्दलचा अभिमान होता हे त्यांना सांगता आलं नसतं. पेशीबद्दल, त्या पाठमोऱ्या पोरीबद्दल, स्वतःबद्दल.

"फुटले," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

"किती दिसतायत?"

"चार."

काकू थांबल्या. आता ती उठेल, चार पावलं येईल, खांद्यावरून वाकेल आणि स्वतः मोजेल. काकूंनी तिला जागा व्हावी म्हणून स्टूल थोडं बाजूलाही घेतलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. पेन कागदावर चालल्याचा आला.

"चार," भिंगरी लिहिता लिहिता म्हणाली, मागे न वळता. "वेळ सांगा, काकू."

काकूंनी वेळ सांगितली.